आधी फर्मे मोजा

कॉलेजच्या यंदाच्या अंकाचे काम तुमच्या गळ्यात पडले आणि तुम्ही जूनमध्येच विचारायला आलात, हे फार बरे केलेत. बाकीची मुले छापखान्याची पायरी चढतात ती फेब्रुवारीत. मोबाइलमध्ये पन्नासेक कविता, खिशात काही नाही आणि तोंडी एकच वाक्य, 'काका, पंधरा दिवसांत करून द्या, पैशाचं बघू.' पैशाचे कोणी बघत नाही. अंक पुढच्या वर्षावर जातो आणि मोबाइल बदलला की कविताही जातात. मी खिळ्यांच्या जुळणीपासून ऑफसेटपर्यंत आणि आता संगणकापर्यंत सगळे याच रत्नागिरीत पाहिले. कवितेतले मला फार कळते असे नाही. अंक कशाने बुडतो ते मात्र कळते. तेवढेच सांगतो.

बाहेर मागायला निघण्याआधी घरातले बघा. प्रवेश घेताना मिळालेली पावती काढा. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना या रकान्यांच्या आसपास 'नियतकालिक' किंवा 'मॅगझीन' असा एक रकाना बहुतेक ठिकाणी असतो. ते पैसे तुम्हीच भरलेले आहेत. समजा माणशी शंभर रुपये आणि मुले पंधराशे, तर दीड लाख झाले. प्रत्यक्षात आकडा कमीजास्त निघेल, काहींना शुल्कात सवलत असेल, पण हिशोबाला सुरुवात इथून करायची. प्राचार्यांकडे 'अंकाला मदत करावी' असा अर्ज घेऊन जाऊ नका. मदत मागितली की ती नाकारता येते. 'या वर्षी नियतकालिक शुल्कापोटी किती रक्कम जमा झाली आणि अंकासाठी किती मंजूर आहे, ते कळावे' एवढेच दोन ओळींत, अदबीने, लिहून द्या. अर्ज आवकला नोंदवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन ती जपून ठेवा. सोबत तुमच्या विभागाच्या सरांची किंवा मॅडमची सही असू द्या, म्हणजे पोरांनी बंड केले असे कोणाला वाटणार नाही.

पुष्कळदा पैसे असतात. वेळेत कोणी मागत नाही म्हणून मार्चअखेर ते दुसऱ्या खर्चाला लागतात. कार्यालयातल्या हेडक्लार्कशी वैर धरू नका. त्यांना ऑडिटला तोंड द्यायचे असते. त्यांना तीन छापखान्यांची दरपत्रके हवीत, जीएसटीचे बिल हवे, प्रती मिळाल्याची पोच हवी. हे कागद त्यांनी मागायच्या आत तुम्ही नेऊन ठेवलीत तर तुमची फाईल टेबलावर पडून राहणार नाही. आणि कॉलेजचे नॅककडून मूल्यांकन होते तेव्हा वार्षिक अंक कामाला येतो. म्हणजे अंक फक्त तुम्हालाच हवा आहे असे नाही, कॉलेजलाही हवा आहे. हे मनात ठेवा, बोलून दाखवू नका.

हातात नक्की किती येणार हे कळले की मग पाने ठरवा. इथे बहुतेक संपादक उलटे चालतात. आधी साहित्य गोळा करतात, मग ते किती पानांत बसते ते बघतात, मग तेवढ्या पानांना पैसे शोधत हिंडतात. असे करू नका. डेमी कागद १८ बाय २३ इंचांचा. त्याच्या तीन घड्या घातल्या की आठ पाने, म्हणजे छापील सोळा पृष्ठे होतात. हा एक फर्मा. ९६ पृष्ठांचा अंक सहा फर्म्यांत चोख बसतो. शंभर पृष्ठांचा केलात तर वरच्या चार पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी मशीनवरची जुळवाजुळव, बांधणीला वेगळा तुकडा. त्या चार पृष्ठांचे बिल बघून तुमचे डोळे पांढरे होतील. वार्षिक अंक बहुधा क्राउन आकारात, जरा मोठा काढतात, पण घडीचे गणित तिथेही हेच. म्हणून साहित्य निवडायला बसाल तेव्हा 'किती कविता घेऊ' असे विचारू नका. किती फर्मे परवडतात ते आधी कागदावर लिहा आणि त्यात काय बसते ते बघा. निवड आपोआप कडक होते. मी पाहिलेले चांगले अंक पुष्कळसे असे पैशाच्या ओढाताणीतूनच बारीक आणि नेमके झालेले आहेत.

ऑफसेटची खोड अशी की पहिली प्रत महाग आणि पुढच्या स्वस्त. प्लेट आणि मशीन लावणे हा खर्च एकदाच होतो. पाचशेच्या सातशे केल्यात तर वाढतो तो मुख्यतः कागद आणि बांधणी. दीड-दोनशेच प्रती हव्या असतील तर मात्र ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका, डिजिटल छपाई घ्या. आतल्या पानांना साधा मॅपलिथो पुरतो, ७० जीएसएमचा. मुखपृष्ठावर थोडा खर्च करा, कारण अंक हातात घ्यायचा की नाही हे लोक तिथेच ठरवतात. आणि मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरचा सूर्यास्त उचलू नका. सावर्ड्याला सह्याद्रीचे कला महाविद्यालय आहे, देवरुखला कला महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या मुलाला चित्र काढायला सांगा आणि त्याला पाचशे रुपये का होईना, मानधन द्या. पाकिटात घालून, नाव लिहून द्या. कलेला पैसे मिळत नाहीत म्हणून आपण सगळे रडतो, आणि आपल्याच अंकात चित्रकाराला फुकट राबवतो.

आता जरा नाजूक गोष्ट. कॉलेजचा अंक उघडा आणि मोजा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, प्राचार्यांचे मनोगत, विभागांचे अहवाल, क्रीडा अहवाल, एनएसएसच्या शिबिराचा अहवाल, गुणवंतांचे फोटो, शिक्षकांच्या शोधनिबंधांची यादी. ते सगळे झाल्यावर मुलांच्या कथा-कविता सुरू होतात, आणि त्यातही मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत असे विभाग. ज्याला आपण साहित्याचा अंक म्हणतो त्यातले निम्मे पैसे साहित्यावर खर्चच होत नाहीत. फोटोंची पाने तर आर्ट पेपरवर, चार रंगांत. सगळ्यांत महाग फर्मा तोच.

यावर भांडू नका, तोडगा काढा. अहवाल हवेतच, ते कॉलेजच्या कामाचे आहेत. पण त्यांना महागडा छापील कागद कशाला? अहवालांची वेगळी पुस्तिका करा, ती संगणकावरच ठेवा, अंकात एका पानावर तिचा क्यूआर कोड छापा. नॅकला ती तशीच चालते, उलट शोधायला सोपी जाते. फोटोंना एकच चार पानांचा तुकडा द्या आणि त्यात कोणाचा फोटो किती मोठा हे ठरवायचे काम प्राध्यापकांवर सोपवा. त्या वादात विद्यार्थ्याने पडूच नये. माझ्या छापखान्यात एका कॉलेजचा अंक फोटोंच्या क्रमावरून दोन महिने अडकून पडला होता. तोपर्यंत परीक्षा संपली, मुले घरी गेली आणि गठ्ठे तसेच राहिले.

कोणी म्हणेल, कॉलेजचा अंक वाचतो कोण, त्यावर एवढा जीव कशाला पाखडता. तर मालगुंडला जाऊन या. केशवसुतांचे स्मारक तिथे आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने उभे केलेले. हा माणूस १९०५ साली गेला. 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढले ते १९१७ साली. म्हणजे जिवंत असताना त्यांची कविता लोकांपर्यंत गेली ती 'काव्यरत्नावली', 'करमणूक' अशा नियतकालिकांतून. जळगावात बसून फडणिसांनी 'काव्यरत्नावली' चालवले नसते तर आधुनिक मराठी कवितेचा आरंभ कुठे शोधायचा होता? तुमच्या अंकात केशवसुत असेल असे मी म्हणत नाही. असला तर तो कुठेतरी छापलेला असावा, एवढीच सोय आपण करतो.

जाहिराती. हा विषय मी जरा लांबवणार, कारण इथे मुलांचे सगळ्यांत जास्त हाल होतात आणि ते विनाकारण होतात.

रत्नागिरीत पैसा वर्षभर सारखा फिरत नाही. तो ऋतूप्रमाणे येतो. तुम्ही आंब्याच्या बागायतदाराकडे एप्रिलमध्ये गेलात तर तो तुमच्याकडे बघणारही नाही. तो पेट्या भरतोय, ट्रकचे भाडे ठरवतोय, वाशीचा भाव विचारतोय. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर त्याचा सगळा पैसा फवारणीत आणि राखणीत अडकलेला असतो आणि मोहोर गळतोय की टिकतोय या चिंतेत तो असतो. त्याच्याकडे जायचे जूनमध्ये. हंगाम संपलेला असतो, कॅनिंगवाल्यांचेही पैसे यायला लागलेले असतात, पावसामुळे माणूस घरात सापडतो आणि बोलायला त्याला वेळ असतो. तुमचे कॉलेजही तेव्हाच सुरू होते.

मिरकरवाडा बंदरात मात्र जूनमध्ये जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, खर्च चालू आणि उत्पन्न शून्य. तिथे जायचे नारळी पौर्णिमा होऊन महिना उलटल्यावर. बंदरातली पुष्कळ मंडळी मुसलमान आहेत. रमजानच्या दिवसांत भरदुपारी जाऊन 'चहा सांगा' म्हणणारे महाभाग मी बघितले आहेत, त्यांच्यात तुमची गणना होऊ देऊ नका. आणि तिथली जाहिरात हवी असेल तर तिथल्या मुलाचे लेखनही अंकात येऊ द्या. राजिवड्यातला पोरगा आपल्या घरच्या बोलीत खाडीवर लिहील ते तुमच्या प्रस्तावनेपेक्षा वाचनीय असेल, याबद्दल मला शंका नाही.

बाजारपेठेतले दुकानदार गणपतीच्या आधी माल भरण्यात असतात. तेव्हा त्यांना कोणीही जाहिरात मागितली की ते 'नंतर या' म्हणतात, आणि ते खरेच बोलत असतात. अनंत चतुर्दशी झाली की चार दिवस सोडा आणि जा. दिवाळी जवळ आली की पुन्हा अडचण, कारण तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातले दिवाळी अंक जाहिराती गोळा करत हिंडत असतात. ती प्रथा आपल्याच बाजूच्या माणसाने पाडली, बरं का. आजगावच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला. तेव्हापासून ऑक्टोबर महिना मोठ्यांचा. सराफ, पतसंस्था, वाहनांची दालने यांच्याकडे दिवाळीनंतर, नोव्हेंबरात जा. पतसंस्थेला जाहिरात द्यायची तर बैठकीत मंजुरी लागते, म्हणून अर्ज महिनाभर आधी देऊन ठेवा.

जाताना दोघे जा. एकटा लाजतो, चौघे गेले की वर्गणीवाले वाटतात. मागच्या वर्षीचा अंक सोबत न्या आणि त्यात त्याच दुकानाची जाहिरात असेल तर ते पान उघडून दाखवा. दर छापलेला असावा : पाव पान, अर्धे पान, पूर्ण पान, मलपृष्ठ. तोंडी दर सांगितला की घासाघीस सुरू होते. जाहिरातीचा फॉर्म भरून सही-शिक्का घ्या. पैसे कॉलेजच्या खात्यावर, धनादेशाने किंवा कॉलेजच्या क्यूआरवर. कुणाच्याही वैयक्तिक मोबाइलवर घेऊ नका, मग तो कितीही भरवशाचा असो. रोख घ्यावीच लागली तर क्रमांकाची पावती तिथल्या तिथे फाडा. अंक निघाला की आठ दिवसांत दोन प्रती स्वतः नेऊन द्या. हे शेवटचे काम मुले हटकून विसरतात आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याचे फळ मिळते. दुकानदार तुमची कविता वाचत नाही, पण आपले नाव छापलेले पान तो बघतो, आणि अंक आणून दिला होता हे त्याच्या लक्षात राहते.

जाहिरात देणारा कधीकधी म्हणतो, माझ्या मुलीची कविता घ्या. कधी म्हणतो, आमच्या साहेबांवर एक लेख टाका. एका पूर्ण पानाच्या जाहिरातीच्या बदल्यात आपल्या वडिलांच्या पंच्याहत्तरीवरचा लेख छापून मागणारे गृहस्थही भेटले आहेत. अशा वेळी वाद घालायचा नाही, तत्त्वज्ञान सांगायचे नाही. 'साहित्य निवडायला वेगळी समिती आहे, आम्ही फक्त जाहिराती घेतो' असे सांगायचे. आणि ते खरे असले पाहिजे. जाहिराती गोळा करणारी मुले वेगळी आणि साहित्य निवडणारी वेगळी, ही विभागणी पहिल्या दिवशीच करा. निवड समितीला साहित्य द्याल तेव्हा नाव झाकून द्या. प्राध्यापकांच्या मुलांना आणि तुमच्या मित्रांनाही तोच नियम. पानांची संख्या पैशाने ठरते, त्याला इलाज नाही. पानांत काय असावे ते पैशाने ठरू लागले की मग ती जाहिरातपुस्तिका झाली, आणि तिच्यासाठी एवढा आटापिटा करण्याचे कारण उरत नाही.

मोठ्या कंपन्यांचे काय, असे तुम्ही विचारालच. गोळपला फिनोलेक्स आहे, जयगडला जिंदाल आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठराविक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, कला-संस्कृती आहे, सार्वजनिक वाचनालयेही आहेत. पण तो पैसा विद्यार्थ्याच्या अर्जावर मिळत नाही. अर्ज कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने, तिची सीएसआरसाठीची नोंदणी असेल तरच, आणि आदल्या वर्षी करावा लागतो. 'अंकासाठी पन्नास हजार' असे मागू नका. वर्षभराच्या लेखन-कार्यशाळा, तालुक्यातल्या शाळांमधली कविता-शिबिरे आणि त्यातून निघणारा अंक, असा आखीव कार्यक्रम मागा. हे तुमच्या वर्षात होणार नाही. तुम्ही कागद करून ठेवा, पुढच्यांना उपयोग होईल.

सरकारकडून फार आशा धरू नका, पण काय आहे ते माहीत असू द्या. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान देते. ती योजना नियमित निघणाऱ्या नियतकालिकांसाठी, कॉलेजच्या वार्षिकासाठी नव्हे. तुमच्या कामाची आहे ती नवलेखक अनुदान योजना. ज्याचे एकही पुस्तक आलेले नाही त्याच्या पहिल्या पुस्तकाला त्यातून मदत मिळते. तुमच्या अंकात सलग तीन वर्षे चांगले लिहिणारी मुलगी असेल तर तिचे हस्तलिखित तिकडे पाठवायला तिच्या मागे लागा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे सरकारी अनुदान अलीकडे दोन कोटींवर गेले. तीन दिवसांच्या मांडवाला दोन कोटी आणि कॉलेजच्या अंकाला फोटोसाठी चार रंग परवडत नाहीत, हा हिशोब माझ्यासारख्याला कळत नाही. मुंबई विद्यापीठ महाविद्यालयीन नियतकालिकांची स्पर्धा घेते, तीत जरूर उतरा. आपल्याकडच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाच्या 'सहकार'ने त्यात बक्षिसे घेतलेली आहेत. जुने 'सहकार' ग्रंथालयात मागून चाळा, मांडणी कशी बदलत गेली ते कळेल.

स्नेहसंमेलनवाल्यांशी आणि नाटकवाल्यांशी तंटा करू नका. कॉलेजात दरवर्षी एक खेळ चालतो. ध्वनिक्षेपकाला पैसे आहेत, अंकाला नाहीत. युवा महोत्सवाच्या प्रवासाला आहेत, नेपथ्याला नाहीत. मग अंकवाले नाटकवाल्यांवर आणि नाटकवाले नाचवाल्यांवर चिडतात, आणि ज्यांनी पैसे वाटायचे ते निवांत असतात. सगळ्यांनी मिळून जुलैतच एकत्र अंदाजपत्रक द्या. त्या बदल्यात तुम्ही एकांकिकेची संहिता अंकात छापा, ते तुमचा अंक आपल्या प्रयोगाला विकतील. सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात तेव्हा मध्यंतरात टेबल टाकून बसायची परवानगी मागा. वाचणारी माणसे तिथे आपण होऊन आलेली असतात.

माजी विद्यार्थी गणपतीला गावी येतात. त्यांना 'देणगी द्या' म्हणण्यापेक्षा 'एका फर्म्याचा खर्च उचला' म्हणा. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला सोळा पृष्ठांचा खर्च किती हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण त्याला तो फार मोठा वाटत नाही. त्याचे नाव अंकाच्या शेवटी एका ओळीत छापा. फोटो नको.

प्रुफांबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचे तुमचे सर सांगतील. साहित्य युनिकोडमध्ये घ्या. मोबाइलवर टंकलेले चालते, फोटो काढून पाठवलेली वही चालत नाही. छापखाना जर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत काम करत असेल तर मजकूर बदलून घेताना अक्षरे तुटतात. रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' यांतला अर्धा र हमखास बिघडतो, 'ॲ' गायब होतो. ही अक्षरे शोधून शोधून तपासा. कवितेची ओळ जिथे कवीने तोडली तिथेच तुटली आहे ना, ते कवीला बोलावून दाखवा. त्याच्या सहीशिवाय पान मशीनवर चढवू देऊ नका.

आणि समजा काहीच जमले नाही. शुल्काचे पैसे दुसरीकडे गेले, जाहिराती आल्या नाहीत, प्राचार्य बदलले. तरी अंक काढायचा. पालगडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. १९५४-५५च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या विशीच्या आसपासच्या पोरांनी 'शब्द' काढले ते सायक्लोस्टाइल करून. पुढे सतीश काळसेकरांसारख्यांनी खिशातले पैसे घालून अनियतकालिके चालवली. जमेल तेव्हा अंक, नाही जमले तर नाही. आणि पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३२ साली 'दर्पण' काढत होते तेव्हा तेही विशीतलेच होते. तुमच्याकडे झेरॉक्सचे दुकान आहे. दोन ए-फोर कागद मधोमध दुमडले की आठ पृष्ठे होतात. आठ पृष्ठांत पाच चांगल्या कविता आणि एक कथा बसते. मध्ये एक पिन मारा. तेवढेही नसेल तर भित्तिपत्रक लावा, दर पंधरवड्याला बदला. एखादे वर्ष रिकामे गेले की पुढचे वर्ष 'आपल्याकडे अंक निघत नाही' असे म्हणत सुरू होते, आणि तो समज मोडायला पैशापेक्षा जास्त काहीतरी लागते.

शेवटचे काम साठवणुकीचे. अंक वाटून झाला की उरलेले गठ्ठे जिन्याखाली जातात आणि वाळवीला मिळतात. तसे करू नका. छापतानाच पन्नास प्रती वाढवा. एक रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात द्या. १८२८ पासूनचे ते वाचनालय आहे, तिथे ठेवलेले टिकते. एक मालगुंडच्या स्मारकात. एक चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात. ते १८६४चे, २००५ आणि २०२१च्या जुलैतल्या पुरांनी त्याचे फार नुकसान केले, आणि तरी ते पुन्हा उभे राहिले. म्हणून एकाच ठिकाणी सगळे ठेवू नका, तळमजल्यावर तर नकोच, आणि एक प्रत स्कॅन करून कॉलेजच्या संगणकात टाका. लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या गावच्या वाचनालयात आणि शाळेत एकेक प्रत जाऊ द्या. लांज्याच्या किंवा गुहागरच्या एखाद्या शाळेत सातवीतली मुलगी आपल्या गावच्या ताईचे नाव छापलेले बघेल, तो वाचक तुम्हाला रत्नागिरीत मिळणार नाही.

मागच्या वर्षीची जाहिरातदारांची यादी, दरपत्रके, कोणी पैसे दिले आणि कोणाचे राहिले ते, सगळे एका वहीत लिहून पुढच्या संपादकाच्या हातात द्या. ती वही घरी ठेवू नका, हरवते. विभागाच्या कपाटात ठेवा आणि तिची झेरॉक्स काढा.

आता कामाला लागा. फर्मे किती ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरवा आणि मला आकडा कळवा. दरपत्रक मी देईन, पण आणखी दोन ठिकाणची घ्याच. माझे महाग वाटले तर दुसरीकडे छापा, मला राग नाही. प्रुफे मात्र आणून दाखवा, ती मी फुकट वाचीन.